जुनी इरकल: घेरदार ड्रेस की गोधडी-जॅकेट?

आजीची रोजची इरकल कापायला हात धजत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ट्रंकेत घडीवरच विरून जाण्यापेक्षा ती अंगावर यावी.

आधी साडी उजेडासमोर धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकेच ताणा. बसण्याच्या जागी आणि पायाशी ते बहुधा विरलेलं असतं.

पाचवारी साडीतलं साडेतीन-चार मीटर धडधाकट निघालं, तर ड्रेस शिवा. काठ खाली घेराला, पदर योकला, म्हणजे खांदा-छातीच्या वरच्या भागाला. काठ सरळ असतो, त्यामुळे अंब्रेला कटमध्ये तो गोलाईवर बसत नाही. चुण्यांचाच घेर घ्या. मलमलचं अस्तर लावा, म्हणजे शिवणीवरचा ताण अस्तर झेलतं. मशीनला ११ नंबरची सुई पुरते. एका सुट्टीच्या दिवसात ड्रेस तयार होतो.

साडी जागोजागी विरली असेल, तर मात्र जॅकेटच. इथे आपल्या गोधडीची रीत कामी येते: तीन थर, विरलेले तुकडे मधल्या थरात, आणि वरून हाताने जवळजवळ धावदोरा. धावदोऱ्याने कापड आक्रसतं, म्हणून आधी टाके पूर्ण करा, मगच माप टाकून कापा. कडांना काठाचीच पट्टी लावा. रोज तासभर बसलात तरी महिना सहज जातो.

माझा कौल जॅकेटला. ड्रेसमध्ये साडीचा चांगला भागच वाचतो, जॅकेटमध्ये आजीने झिजवलेला भागही सोबत येतो.