फिरणारा वॉफल मेकर आणि एकच तापणारी प्लेट

वॉफल म्हणजे खळग्यांच्या साच्यात दोन्ही बाजूंनी भाजलेला जाड, कुरकुरीत गोड पदार्थ. तो भाजायचं उलटं फिरवता येणारं मशीन, म्हणजे फ्लिप वॉफल मेकर, ऑनलाइन मागवलं आणि त्यात मला फसवलं गेलं. फसवणूक अशी बेमालूम होती की पुष्कळ जण मशीनवर संशय न घेता आपलंच पीठ बिघडलं असं समजून गप्प बसतील. विक्रेत्याला नेमकं तेच हवं असतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जाहिरातीत होतं ते हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर असतं तसलं मशीन. दोन जाड गोल प्लेटा, पुढे लांब दांडा. पीठ ओतायचं, झाकण मिटायचं आणि दांडा धरून अख्खा साचा १८० अंशांत उलटा करायचा. खाली ठळक अक्षरांत ‘१२०० वॉट’ आणि ‘दोन्ही बाजूंनी सारखी उष्णता’. घरी आलेलं मशीन दिसायला हुबेहूब तसंच होतं. दांडा फिरायचा छान, दिवा लागायचा, झाकणही घट्ट बसायचं.

पहिलाच वॉफल निघाला तो एका अंगाने तांबूस आणि कुरकुरीत, दुसऱ्या अंगाने पांढराफटक. त्या बाजूच्या खळग्यांत ओलसर पीठ तसंच, बोट लावलं की चिकटायचं. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर लगेच आलं, गोडही होतं: पीठ पातळ झालं असेल, मशीन पुरतं तापलं नसेल, थोडा जास्त वेळ ठेवून बघा. पीठ घट्ट केलं, साखर वाढवली, जास्त वेळ ठेवलं. तांबूस बाजू करपली, पांढरी बाजू पांढरीच राहिली. आणि ती प्रत्येक वेळी एकाच प्लेटची असायची. त्या प्लेटच्या कडेला साच्यातलीच एक बारीक खाच होती, तिची खूण वॉफलवर उमटायची, म्हणून शंकेला जागा नव्हती. साचा सुरुवातीला कसाही ठेवा, खाचेची बाजू कच्चीच.

साचा उलटायचा कशासाठी, हे कळलं की लबाडी लगेच ध्यानात येते. कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी १८६९ साली अमेरिकेत ज्या वॉफलच्या साच्याचं पेटंट घेतलं, तो चुलीवर ठेवायचा होता. आच फक्त खालून, म्हणून उलटला की दुसरी बाजू आचेवर यायची. विजेच्या मशीनमध्ये कॉइल प्लेटच्या मागेच बसवलेली असते आणि प्लेटबरोबर फिरते. म्हणजे एकाच प्लेटला कॉइल असेल तर साचा कितीही वेळा उलटा, गार बाजू गारच राहणार. विजेच्या मशीनमध्ये उलटण्याचं काम वेगळं आहे: ओतलेलं पीठ लगेच वरच्या प्लेटच्या खळग्यांत उतरावं, फुगताना दोन्हीकडे सारखं भरावं. दोन्ही प्लेटा तापत असतील तरच त्याला अर्थ आहे. मला विकलं गेलं ते नुसतं फिरणं.

खात्री करायची सोपी रीत आहे. पीठ अजिबात न घालता मशीन तापवा, सूचनेचा दिवा बदलला की उघडा आणि चमच्याने दोन-चार थेंब पाणी खालच्या प्लेटवर टाका. हात लांब ठेवा, वाफ जोरात येते. मग मिटून फिरवा, दुसरी प्लेट खाली आणा आणि तिच्यावरही टाका. माझ्याकडे एका प्लेटवर थेंब चुर्र करून क्षणात उडाले. खाचेच्या प्लेटवर ते खळग्यात जाऊन नुसते बसून राहिले.

वॉटचा दावाही घरच्या डिजिटल मीटरवर तपासता येतो. एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो, पुष्कळ मीटरवर ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त मशीन लावलं, तर १२०० वॉटला मिनिटाला ६४ वेळा दिवा लुकलुकायला हवा. मोजायचं मात्र थंड मशीन तापत असतानाच, नंतर थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेलं तापमान राखणारा भाग, मध्येमध्ये वीज तोडतो. माझ्याकडचा आकडा निम्म्याच्या आसपास होता. विक्रेत्याने हात वर केल्यावर एका दुरुस्तीवाल्याकडून ते उघडून घेतलं. खाचेच्या प्लेटमागे कॉइल बसवायची खोबण आणि स्क्रूची भोकं होती. कॉइल नव्हती.

हात वर केले ते कसे, तेही सांगते. ‘अजून एकदा करून बघा, फोटो पाठवा’ या गोड बोलण्यात परतीची मुदत संपवली. मग म्हणाले, वापरलेली वस्तू परत घेत नाही. वापरल्याशिवाय हा दोष दिसणारच नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मधल्या काळात ‘रिकामं मशीन खूप वेळ तापत ठेवा’ असाही सल्ला दिला, त्याचा मला आजही राग येतो. नॉनस्टिकचा टेफ्लॉनसारखा थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो. फार तापला तर त्याचा धूर घातक असतो, पाळलेले पक्षी त्याने मरतातही. थर्मोस्टॅट भरवशाचा नसेल तर रिकामं मशीन तापत ठेवू नका.

अभिप्रायांचंही तसंच. तारे भरपूर होते, पण जुने अभिप्राय नीट वाचले तर कोणी मिक्सरच्या भांड्याचं कौतुक करत होतं, कोणी झाकणाची तक्रार. जुन्या वस्तूच्या पानावर नवी वस्तू चढवली की आधीची शाबासकी फुकट मिळते. ताऱ्यांच्या आकड्यावर जाऊ नका, अभिप्रायातले लोकांनी काढलेले फोटो बघा.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा, त्याच व्हिडिओत पाण्याच्या थेंबांची परीक्षा घ्या. पीठ लागलं नसलं की ‘वापरलेली वस्तू’ म्हणायला त्यांना जागा उरत नाही. तक्रार विक्रेत्याच्या चॅटवर नको, जिथून खरेदी केली तिथल्या अधिकृत तक्रार विभागात करा आणि मुदत संपायच्या आत करा. मी कार्डाने पैसे दिले होते, म्हणून बँकेकडे दावा लावता आला. तिथे उपयोगी पडला तो ‘दोन्ही बाजूंनी सारखी उष्णता’ या ओळीचा स्क्रीनशॉट, कारण तोवर ती ओळ पानावरून काढून टाकली होती. पैसे परत मिळाले, पण फार पाठपुरावा करावा लागला.

तेच मशीन आता दुसऱ्या नावाने विकायला आलं आहे. दांडा तोच, कडेची खाच तीच, फोटोही तेच. त्यातल्या एकाही फोटोत वॉफलची दुसरी बाजू दाखवलेली नाही.