पहिला नंबर, पण कुठल्या वर्गात?

कुठलं राज्य निर्यातीसाठी किती तयार आहे याचे गुण देणारा नीती आयोगाचा ‘निर्यात सज्जता निर्देशांक २०२२’ हा अहवाल फुकट मिळतो, त्यामुळे पैसे बुडाले म्हणायची सोय नाही. गोव्यात डिचोलीला एका बार्जमालकाकडे (बार्ज म्हणजे नदीतून खनिज वाहणारी सपाट बोट) मी सव्वीस वर्षं हिशेब लिहिले. आकड्यांची खोड जात नाही, दोन रात्री बसून अहवाल वाचला.

मांडणी नेटकी आहे. धोरण, व्यवसायाचं वातावरण, निर्यातीच्या सोयी आणि प्रत्यक्ष निर्यात असे चार खांब, त्यांखाली ५६ निकष. छोटी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांच्या गटात गोवा पहिला! वेर्ण्याला औषध कंपनीत असलेल्या माझ्या मुलाने तो तक्ता लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. पण या गटात लडाखही आहे, आणि मुरगावसारखं बंदर असलेला गोवा गुजरात-तामिळनाडूच्या किनारी रांगेत नाहीच. चौथीतल्या पोराला बालवाडीत बसवून पहिला काढल्यासारखं झालं.

माझी खरी तक्रार वेगळी. मे २०२२ मध्ये केंद्राने लोहखनिजावरचं निर्यात शुल्क वाढवलं. ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या फाइन्सवर, म्हणजे बारीक खनिजावर, तोवर काहीच नव्हतं, त्यावर एकदम ५० टक्के! आमचा गोव्याचा माल बहुतेक त्याच प्रतीचा. खाणी २०१८ पासून बंदच, आधी काढून ठेवलेला, ई-लिलावातला जो काही माल हलत होता तोही अडला. एरवी पावसात मांडवीचं तोंड खवळलं तरी कुंभारजुव्याच्या कालव्याने बार्जी मुरगाव गाठत. त्या वर्षी आमच्या तिन्ही बार्जी सारमानसच्या धक्क्याला दोर बांधून उभ्या. नदी तीच, तांडेल तोच. नोव्हेंबरात शुल्क पुन्हा शून्यावर आलं. अहवाल आला जुलै २०२३ मध्ये, त्यातले निर्यातीचे आकडे मुख्यतः शुल्क वाढायच्या आधीच्या २०२१-२२ चे. म्हणजे हे सगळं नाटक दोन पानांच्या मधल्या फटीत गेलं.

आणखी एक, हिशेबनिसाच्या नजरेचं. माल कुठल्या राज्यातला, हे शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीच्या वेळी कस्टम्सला द्यायच्या कागदात, निर्यातदारच भरतो. इथला काजू मुंबईच्या व्यापाऱ्याने पाठवला आणि त्याने महाराष्ट्र लिहिलं, तर तो आमच्या खात्यातून गेला.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा औषधं वगळली, कोळंबी कचाट्यात सापडली. मुलगा निर्धास्त झोपला. मासळीच्या धंद्यातला माझा मेहुणा नाही. राज्य एकच, अहवालात गुणही एकच.

पाचपैकी तीन तारे. एक तारा फक्त परिशिष्टातल्या तक्त्यांसाठी. ते मोबाइलवर वाचू नका, डोळे जातात. मी शेवटी डिचोलीच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले.