बीपीच्या गोळ्या सोडायला लावणारा भामटा

जळगावला मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या घेऊन निघालो, तर मागून एकाने हटकलं. "भाऊ, कोणता गावना शेतस तुम्ही?" परक्या बाजारात अहिराणी कानावर पडली की आपला माणूस थांबतोच. कापसाचा भाव, पाऊसपाणी बोलता बोलता त्याने आवाज उतरवला. त्याच्या भावाचीही बीपीच्या गोळ्यांनी 'ताकद' गेली होती म्हणे, एका वैद्याने बरं केलं. मला तोच त्रास होता आणि मी तो कुणालाच सांगितला नव्हता.

त्या वैद्याच्या दुकानात भाव ऐकवला चाळीस रुपये, तोळ्याचा वाटावा अशा बोलीत. मुसळी, अश्वगंधा आणि कसलंसं करडं भस्म एकत्र खलात कुटलं. कुटून झाल्यावर तोच भाव ग्रॅमवर लावला. अर्ध्या किलोचे वीस हजार! "कुटलेला माल परत होत नाही." दोघे दाराशी येऊन उभे राहिले. खिशातले रोख गेले, उरलेले मोबाइलवरून. पावती म्हणून कोऱ्या कागदावर नुसता आकडा. वर ताकीद, "डॉक्टरी गोळ्या आजपासून बंद."

पूड घेतली की तोंड लाल व्हायचं, नाक चोंदायचं, डोकं ठणकायचं. गुण मात्र येत होता. तिकडे बीपी १८०/११० झाला. आमच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट घेता का?" त्यांना पुडीत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायाग्रातलं औषध, मिसळल्याची दाट शंका होती. जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांत ते सापडत आलंय. सॉर्बिट्रेटसोबत ते पोटात गेलं तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

भामट्याचं बोलणं अर्धं खरं असतं, म्हणून पटतं. अ‍ॅटेनोलॉल (मी घ्यायचो ती), थायझाइड अशा बीपीच्या गोळ्यांनी काहींना हा त्रास होतो. पण वाढलेला बीपीच रक्तवाहिन्या खराब करतो, आणि ताठरता न येणं ही कधी हृदयविकाराची आगाऊ खूण असते. अ‍ॅटेनोलॉल एकदम सोडणं तर हृदयाला धोक्याचंच. डॉक्टरांनी मला तिच्याजागी टेल्मिसार्टन दिली, हृदय तपासलं आणि बीपी ताब्यात आल्यावर सिल्डेनाफिलच लिहून दिली, मोजून. इतकं सरळ होतं ते! तोंड उघडून सांगा, गोळी बदलून मिळते.

ताकदीच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी यात्रेत पाट्या लागतातच. उरलेली पूड आणि तो कागद मी अन्न व औषध प्रशासनाकडे दिलाय. मोबाइलवरून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, लाजेपायी दिवस घालवू नका.