‘बॅक टू ब्लॅक’ची सीडी, 10 महिने ऐकल्यावर: आवाज एमीचा, पण वाजवलंय कोणी?

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून जुना सीडी प्लेअर खाली आला. पुसून लावला, तर चालला! मग त्याच्यासाठी म्हणून एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसच्या ‘बॅक टू ब्लॅक’ या अल्बमची सीडी घेतली, 150 रुपयांना. डबीला एक तडा होता, आतली पुस्तिका मात्र शाबूत होती. ही गाणी मी मोबाइलवर कितीतरी वर्षं ऐकत होते, त्यामुळे नवीन काही मिळेल असं वाटलं नव्हतं. आता ऑगस्ट आलाय. या दहा महिन्यांत आठवड्यातून तीनचार वेळा तरी ही सीडी लागतेच, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितेय.

आधी थोडक्यात माहिती. अल्बम ऑक्टोबर 2006मध्ये ब्रिटनमध्ये आला. 11 गाणी, सगळी मिळून जेमतेम 35 मिनिटं. एमी तेव्हा 23 वर्षांची होती. पॉप सोल म्हणतात तो हा प्रकार: अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून आणि ऱ्हिदम अँड ब्लूजमधून वर आलेलं सोल, आणि त्याला तीन मिनिटांच्या पॉप गाण्याचा बांधा. फेब्रुवारी 2008मध्ये एमीला याच कामासाठी एकाच रात्रीत पाच ग्रॅमी मिळाली. हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं ते पुस्तिकेत बारीक अक्षरांत छापलेलं होतं.

मोबाइलवर गाणं लागलं की गाणाऱ्याचं नाव दिसतं आणि विषय संपतो. पुस्तिका हातात घेऊन ऐकायला बसले तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा अल्बम दोन वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झालाय. सहा गाण्यांचा निर्माता मार्क रॉन्सन, पाचांचा सलाम रेमी. वाजवणारी माणसंही दोघांची वेगळी. इतकी वर्षं मला सगळा एकच जुना, धुरकट आवाज ऐकू येत होता. आता दोन ठळक वेगळ्या खोल्या ऐकू येतात, आणि एकदा त्या ऐकू आल्या की परत एक होत नाहीत.

रॉन्सन म्हणजे पुढे ‘अपटाउन फंक’ या गाण्यामुळे घराघरांत पोचला तोच. जन्म लंडनचा, वाढला न्यूयॉर्कमध्ये, तिथल्या क्लबांत डीजे होता. 2006च्या मार्चमध्ये एमी त्याच्या न्यूयॉर्कच्या स्टुडिओत आली आणि आपल्याला काय हवंय हे सांगताना साठच्या दशकातल्या शांग्रि-लाज या मुलींच्या गटाबद्दल बोलली. त्याच्याकडे तिला ऐकवण्यासारखं तयार काही नव्हतं. त्या रात्री बसून त्याने पियानोवर एक तुकडा बांधला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून दाखवला. तिने तिथेच शब्द लिहिले, आणि ते अल्बमचं शीर्षकगीत झालं. ‘रिहॅब’ (म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र) या गाण्याची गोष्टही अशीच. रस्त्याने चालता चालता तिने घरच्यांशी झालेल्या वादाबद्दल एक वाक्य सांगितलं, त्याला त्यात गाण्याचा मुखडा दिसला आणि त्याने तिला स्टुडिओत परत आणलं. निर्मात्याचं काम बटणं फिरवण्याचं असतं असं मला वाटायचं. खरं काम समोरचा माणूस सहज काय बोलून गेला हे टिपण्याचंही असतं.

पण रॉन्सनचा सगळ्यात मोठा निर्णय होता वाजवायला कोणाला बोलवायचं हा. ब्रुकलिनमधल्या बुशविक भागात डॅपटोन नावाच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ आहे, एका जुन्या घरात. तिथे डॅप-किंग्ज हा वाद्यवृंद शॅरन जोन्स या गायिकेच्या मागे वाजवायचा. जग संगणकावर गेलं होतं तेव्हा ही मंडळी टेपवर रेकॉर्डिंग करत होती. एका खोलीत बसून, एकमेकांकडे बघत. एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचं वाद्य झिरपलं तर झिरपू देत. गेब्रियल रॉथ हा त्यांचा म्होरक्या आणि तोच रेकॉर्डिंग करणारा. रॉन्सन एमीच्या गाण्यांचे कच्चे आराखडे घेऊन त्यांच्याकडे गेला. ते वाजवत होते तेव्हा एमी त्या खोलीत नव्हती, त्यांची तिची भेट नंतर झाली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तिका बाजूला ठेवून ‘लव्ह इज अ लूझिंग गेम’ परत लावलं. गिटार इतक्या हळुवार हाताने वाजलीय की समोर बसलेल्या माणसाला सांभाळून घ्यावं तशी वाटते.

ड्रम्सवर होमर स्टाइनवाइस, बासवर (खालच्या सुरांच्या गिटारवर) निक मोव्हशॉन, गिटारवर टॉमस ब्रेनेक आणि बिंकी ग्रिपटाइट, पियानोवर व्हिक्टर ॲक्सेलरॉड. ट्रम्पेट डेव्ह गाय, टेनर सॅक्सोफोन नील शुगरमन, आणि खालचा जाडा बॅरिटोन सॅक्सोफोन इयन हेंड्रिक्सन-स्मिथ. सगळी नावं मुद्दाम लिहितेय. ती वाचून ‘यू नो आय ॲम नो गुड’ लावून बघा. आधी फक्त ड्रम्स येतात. कोरडा, छोट्या खोलीतला, घुमारा नसलेला आवाज. पत्र्याच्या डब्यावर बोटं मारावीत इतका जवळचा. मग बास येतो आणि ड्रम्सच्या फटींमध्ये जाऊन बसतो, एकही ठोका झाकत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर हा बास मला कधी ऐकूच आला नव्हता! गाण्याची चाल बासमध्ये आहे, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

याउलट शीर्षकगीतात रॉन्सनने घुमारा भरभरून वापरलाय. डफलीचा प्रत्येक ठोका मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये पडल्यासारखा लांबत जातो. गाण्याच्या मध्यावर सगळं थांबतं आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा त्या रिकामेपणात अंगावर काटा येतो. दहा महिन्यांत एकदाही त्या जागी मी दुसरं काम करू शकलेले नाही.

आता रेमीची बाजू. पहिले दोन महिने मी ती पाच गाणी पुढे ढकलायचे, हे प्रामाणिकपणे सांगते. ती मला आवडायला लागली आमच्या काकांमुळे.

काका सांगलीचे. 30 वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. फेब्रुवारीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आमच्याकडे तीन आठवडे होते. टीव्ही बघायचा नाही, वाचायचं नाही, मग दुपारभर काय करणार? मी ही सीडी लावली. इंग्रजी शब्दांशी त्यांना देणंघेणं नव्हतं, ते फक्त फुंकीची वाद्यं ऐकत होते. रॉन्सनची गाणी चालू असताना म्हणाले, “हे तिघं शेजारी शेजारी बसलेत. मोठ्या सॅक्सोफोनवाला किंचित मागून येतो बघ, मुद्दाम. वजन येतं त्याने.” मग ‘मी अँड मिस्टर जोन्स’ लागलं. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

“अगं, यात एकाच माणसाचा दम आहे.”

“म्हणजे काय, काका?”

“म्हणजे सॅक्सोफोन वेगवेगळे आहेत, पण फुंकणारा एकच आहे. सूर उचलायची लकब एकच, सोडायची पण एकच.”

मी पुस्तिका उघडली. व्हिन्सेंट हेन्री! रेमीच्या गाण्यांमध्ये मिळून या एका माणसाने वेगवेगळ्या पट्टीचे सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, फ्लूट, शिवाय गिटार आणि पियानोही वाजवलाय. एकावर एक थर चढवत. सोबत ट्रम्पेट-फ्लूगलहॉर्नवर ब्रूस पर्स, ड्रम्सवर ट्रॉय ऑक्सिली-विल्सन, ऑर्गन आणि इलेक्ट्रिक पियानोवर जॉन ॲडम्स, आणि बास वगैरे स्वतः रेमी. मी नाव वाचून दाखवलं तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले काका नुसते मान हलवत होते. त्यांच्या बँडच्या गाडीवर मालकाचं नाव मोठ्या अक्षरांत असायचं. वाजवणाऱ्यांचं कुठेच नसायचं. ती पुस्तिका त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवली.

(आपल्याकडे हिंदी सिनेमात सबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांनी शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ उभे केले, आणि पडद्यावर त्यांची नावं शोधावी लागतात. हे आठवल्याशिवाय राहत नाही.)

सलाम रेमी हिप-हॉपमधला माणूस. फ्यूजीज हा गट, नॅस हा रॅपर यांच्याबरोबर काम केलेला. एमीला तो रॉन्सनच्या आधीपासून ओळखत होता, 2003च्या तिच्या पहिल्या अल्बमपासून. ती ओळख ऐकू येते. त्याच्या गाण्यांत एमी जास्त मोकळी आहे, मिश्कील आहे, ‘जस्ट फ्रेंड्स’मध्ये तर ठेका जमैकाकडे झुकतो. आणि ‘टिअर्स ड्राय ऑन देअर ओन’ हे माझ्या मते निर्मात्याने गाणं कसं घडवावं याचं या अल्बममधलं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. एमीने ते मुळात संथ, रडवं गाणं म्हणून लिहिलं होतं. रेमीने ते उचलून मार्विन गे आणि टॅमी टेरेल या गायकजोडीच्या 1967च्या ‘एंट नो माउंटन हाय इनफ’च्या चालत्या ठेक्यावर बसवलं, आणि त्या गाण्याच्या रचनाकारांना, म्हणजे ॲशफोर्ड आणि सिम्प्सन यांना, श्रेयही दिलं. तिच्या मृत्यूनंतर 2011च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘लायनेस’ या संग्रहात मूळ संथ रूप आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. संथ रूपात बाई खचलेली आहे. ठेक्यावर बसल्यावर तीच बाई डोळे पुसत भराभर चालत निघालीय. शब्द तेच.

तंतुवाद्यं लंडनला ख्रिस एलियटने बसवली आणि मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याचं काम, टॉम एल्महर्स्टने केलं. ही दोन नावं मी शेवटी घेतेय, पण दोन खोल्यांतला माल एका घरातला वाटतो तो यांच्यामुळे. व्हायोलिन्स कुठेही पाघळत नाहीत, एमी श्वास घेते तिथे येतात आणि ती तोंड उघडते तेव्हा बाजूला होतात.

तक्रारी आहेत. सीडीवरचा आवाज फार दाबून भरलाय. वॉल्यूम वाढवला की ‘रिहॅब’मध्ये तिचा आवाज कडांना फाटल्यासारखा होतो आणि अर्ध्या तासात कान थकतात. मध्यम आवाजात, स्पीकरपासून सातआठ फुटांवर बसून उत्तम लागतं. हेडफोन लावून मला त्रास झाला. शेवटच्या दोन गाण्यांवर माझं मन अजून बसलेलं नाही. आणि शब्दांत शिव्या भरपूर आहेत, घरात लहान मुलं इंग्रजी समजणारी असतील तर लक्षात ठेवा. पुस्तिकेतली अक्षरं भिंग घेऊन वाचावी लागतात, माझ्यासारख्या नावं शोधणाऱ्यांचा त्यात पुरता हिरमोड होतो.

घ्यावी का? ही गाणी आवडत असतील तर नक्की, आणि पुस्तिका आत आहे ना हे उघडून बघूनच घ्या. त्या नावांच्या मागे गेल्यामुळे माझं ऐकणं किती वाढलं! शॅरन जोन्सपर्यंत मी अशीच पोचले. ती एकेकाळी न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात रक्षक होती, चाळिशीत तिचं नाव व्हायला लागलं आणि 2016मध्ये ती कॅन्सरने गेली. तिचा 2007चा ‘100 डेज, 100 नाइट्स’ ऐकताना होमरचे तेच ड्रम्स ओळखीच्या माणसासारखे भेटतात. ब्रेनेकचा मेनाहन स्ट्रीट बँडही तिथूनच सापडला, आणि ब्रेनेकनेच घडवलेला चार्ल्स ब्रॅडली या गायकाचा आवाजही. एमीची गाणी मी यापूर्वी तिच्या शोकांतिकेसाठी ऐकायचे, 27व्या वर्षी गेलेली मुलगी म्हणून. आता ती मला कामात बुडालेली, चांगल्या वाजवणाऱ्यांच्या मधोमध उभी असलेली दिसते.

काकांना सगळी गाणी पेन ड्राइव्हवर भरून दिलीत. परवा सांगलीहून फोन आला. डोळे कसे आहेत विचारलं, तर ते राहिलं बाजूला.

“तो मोठ्या सॅक्सोफोनवाला हल्ली कुठे वाजवतो गं?”

सांगितलं, रूट्स म्हणून एक बँड आहे अमेरिकेत, टीव्हीवरच्या एका रोजच्या कार्यक्रमात वाजवतो, इयन हेंड्रिक्सन-स्मिथ त्यात गेलाय. ट्रम्पेटवाला डेव्ह गायही त्याच बँडमध्ये होता.

“मग ते पण भरून पाठव,” म्हणाले.