दोन भागांचं सिलिकॉन रबर: मुंबईच्या हवेत कसं वागतं

मशीद बंदरच्या केमिकलवाल्यांकडे आणि क्रॉफर्ड मार्केटच्या क्राफ्टच्या दुकानांत किलोच्या डब्यात पांढरं, दाट सिलिकॉन मिळतं, सोबत हार्डनरची, म्हणजे ते घट्ट करणाऱ्या द्रवाची, छोटी बाटली. दोन्ही मिसळून मूळ वस्तूभोवती ओतलं की साचा तयार होतो. हे टिन-क्युअर रबर, म्हणजे कथिलयुक्त हार्डनरने घट्ट होणारं. किल्ल्यावरचे मावळे, दिव्यांचे स्टँड, फ्रिज मॅग्नेट अशा बारीक कामाचे साचे करायचे तर याहून महाग प्लॅटिनम सिलिकॉन घ्यायची गरज नाही. उलट गंधक असलेल्या प्लॅस्टिसिनच्या (तेलकट, न वाळणाऱ्या मातीच्या) मूर्तीवर प्लॅटिनमवालं जमतच नाही, चिकटच राहतं. हे मात्र बिनतक्रार जमतं.

सहा सेंटिमीटरच्या मावळ्याभोवती रबर ओतायला ५ × ५ × ८ सेंटिमीटरची चौकट पुरते. मावळ्याची जागा वजा केली की साधारण २०० ग्रॅम रबर लागतं. हार्डनर बहुधा वजनाच्या २ ते ५ टक्के सांगतात, म्हणजे ४ ते १० ग्रॅम. इथे अंदाजपंचे काम नको, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. आपल्याकडच्या दमट उकाड्यात रबर लवकर घट्ट होतं, म्हणून पावसाळ्यात दिलेल्या मर्यादेतलं कमीत कमी प्रमाण घ्यावं. जास्त घातलं तर ओतायच्या आतच दाटतं, बुडबुडे अडकतात आणि साचा पुढे लवकर फाटतो.

साच्यात कुठेतरी चिकट डाग राहिला तर दोष मालाचा नसतो, ढवळण्याचा असतो. कपाच्या कडा आणि तळ खरवडून ढवळावं, मग मिश्रण दुसऱ्या कपात काढून पुन्हा ढवळावं. ओतताना बारीक धार चौकटीच्या एकाच कोपऱ्यात सोडावी, मावळ्याच्या डोक्यावर नव्हे. चेहऱ्यावर आधी ब्रशने पातळ थर दिला की नाकाखाली पोकळी राहत नाही. दोन भागांचा साचा असेल तर पहिल्या भागावर व्हॅसलीन लावल्याशिवाय दुसरा ओतू नये. सिलिकॉन सहसा कशाला चिकटत नाही, पण सिलिकॉनला चिकटतं!

साचा सुटला तरी आणखी दिवसभर उघडा ठेवावा. घाईने रेझिन ओतलं तर वस्तूचा पृष्ठभाग चिकट येतो. साच्यात पीओपी ओतायचं तर ३० ग्रॅम पावडरीला २० ग्रॅम पाणी. पावडर पाण्यात भुरभुरावी, पाणी पावडरीत नाही. मावळ्याचा भाला साच्यातून काढायला जाल तर मोडणारच, तो तारेचा करून नंतर खोवावा.

चॉकलेट किंवा मोदकाच्या साच्याला हे रबर अजिबात चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो. हार्डनर ओल शोषून बिघडतो, तेव्हा लहान बाटली घ्यावी आणि झाकण लगेच घट्ट लावावं.