मराठी विकिपीडियावर व्यापारी सॉफ्टवेअरचा लेख लिहून पाहिला

वणीजवळच्या गावी जिनिंगचे आणि कृषी केंद्रांचे हिशेब लिहून देण्याचे काम मी करतो, गावातल्या मुलांना संगणकावरील हिशेब शिकवतो आणि त्याच्या जोडीने टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे परवानेही विकतो. ही शेवटची गोष्ट सुरुवातीलाच सांगितली पाहिजे, कारण पुढचा सारा अभिप्राय तिच्याभोवती फिरतो. कापसाचा हंगाम संपून काटापट्ट्यांचे गठ्ठे हलके झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले की टॅली कोणी काढली आणि ती बाहेरच्या देशातली आहे का. माझ्याजवळ उत्तर म्हणून फक्त माहितीपत्रक होते आणि त्यात सहा वेळा ‘सर्वोत्तम’ लिहिलेले होते. तेव्हा मराठी विकिपीडियावर आपणच लेख लिहून पाहावा, असे ठरवले.

कच्चा मजकूर लिहिण्यासाठी तेथे धूळपाटी नावाची जागा मिळते. नाव समर्पक आहे, सोयही चांगली आहे. देवनागरी टंकनासाठी अक्षरांतरण (रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहिणे) आणि इनस्क्रिप्ट (देवनागरी कळफलक) अशा दोन्ही पद्धती संकेतस्थळातच असल्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. माझे पहिले वाक्य असे होते : ‘टॅली हे भारतातील अग्रगण्य, अत्यंत विश्वासार्ह आणि वापरण्यास सोपे लेखा सॉफ्टवेअर असून लहान व्यापाऱ्यांसाठी ते वरदान ठरले आहे.’ लेखाविषयी बोलण्यासाठी असलेल्या चर्चापानावर एका जुन्या संपादकांनी एवढेच विचारले, “अग्रगण्य असे कोण म्हणते?” मला राग आला. मी म्हणतो, शंभर दुकाने सांभाळणारा माणूस म्हणतो, आणखी कोण पाहिजे? दोन दिवसांनी शांतपणे पाहिले तेव्हा पोळा आठवला. त्या दिवशी आपण बैलाला झूल घालतो, शिंगे रंगवतो, आरती ओवाळतो. पण बाजारात बैल घेताना झूल बाजूला करून दात मोजतो. झूल काढल्यावर माझ्या वाक्यात उरले ते इतकेच : ‘टॅली हे बेंगळुरू येथील टॅली सोल्यूशन्स या कंपनीने विकसित केलेले लेखा सॉफ्टवेअर आहे.’

आणि गंमत अशी की झूल काढल्यावरच लेखात सांगण्यासारखे काही येऊ लागले. श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. त्या हिशेबांसाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंका यांना, ते तयार करायला सांगितले. १९८६ साली सुरू झालेल्या या कंपनीचे नाव तेव्हा प्युट्रॉनिक्स होते, १९९९ मध्ये ते टॅली सोल्यूशन्स झाले. टॅली ईआरपी ९ ही आवृत्ती २००९ मध्ये आली आणि टॅलीप्राइम नोव्हेंबर २०२० मध्ये. भरत गोयंका यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, पण ते वाक्य व्यक्तीच्या लेखात शोभते, सॉफ्टवेअरच्या लेखात ते पुन्हा झूल होऊन बसते. कापूसपट्ट्यातल्या विद्यार्थ्याला कापड गिरण्यांची ही गोष्ट ‘वरदान’ या शब्दापेक्षा कितीतरी अधिक काही सांगून जाते.

तटस्थता म्हणजे एक स्तुती आणि एक तक्रार असा हिशेब जुळवणे, अशी माझी समजूत होती. जमा आणि नावे बरोबर आले की ताळेबंद जुळला, ही आमच्या धंद्याची सवय. त्यामुळे समतोल दिसावा म्हणून मी ‘टीका’ असा विभाग उघडला आणि चहाच्या टपरीवर ऐकलेले त्यात भरले. तो विभागही गेला, आणि ज्या नियमाने स्तुती गेली त्याच नियमाने गेला : ज्या गोष्टीला स्वतंत्र आणि विश्वासार्ह प्रकाशित संदर्भ नाही ती लेखात राहत नाही, मग ती गोड असो वा कडू. कंपनीचे संकेतस्थळ किंवा प्रसिद्धिपत्रक तारखेसारख्या साध्या बाबीपुरते चालते, मोठेपणा सिद्ध करायला चालत नाही. प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे छापणारी बातमी तरी स्वतंत्र कशी म्हणायची? किंमत, विक्रेत्यांची यादी आणि ‘बिल कसे बनवावे’ अशा सूचनाही ज्ञानकोशाच्या कक्षेबाहेर आहेत, कारण तो दरपत्रकही नव्हे आणि मार्गदर्शिकाही नव्हे.

माझ्या परवानाविक्रीचे काय? विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींनुसार मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने ते उघड करणे २०१४ पासून बंधनकारक आहे. लेख लिहिण्याचे पैसे मला कोणी दिलेले नाहीत, तरी विक्रीत माझा फायदा आहे, म्हणून सदस्यपानावर, म्हणजे तिथल्या माझ्या ओळखीच्या पानावर, मी तसे लिहिले आणि मजकूर थेट लेखात न टाकता चर्चापानावर प्रस्ताव म्हणून ठेवला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका परिचित व्यावसायिकाने याउलट ‘हमखास लेख’ देणाऱ्या मध्यस्थाला पैसे मोजले. लेख आठ दिवसांत विकिपीडियावरून काढून टाकला गेला आणि मध्यस्थाचा फोन लागेनासा झाला. असे मध्यस्थ नवे नाहीत : २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने अशाच एका प्रकरणात ३८१ खाती बंद केली होती. तेव्हा हमी देणारा भेटला तर खिशावर हात ठेवावा.

एक बाब मात्र खटकते. वर्ध्याकडील एका मुलाने कृषी केंद्रांसाठी बियाण्यांचे लॉट आणि औषधांच्या मुदती सांभाळणारे सॉफ्टवेअर बनवले आहे. आमच्या दुकानदारांना ते मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडते, तरी त्याचा लेख होऊ शकत नाही, कारण त्याच्यावर कोणी स्वतंत्रपणे सविस्तर लिहिलेलेच नाही. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही; मराठीत सॉफ्टवेअर स्वतः वापरून, तपासून लिहिणारी नियतकालिके जवळजवळ नाहीत, हा दोष विकिपीडियाच्या माथी मारता येत नाही. त्या मुलाने मला विचारले की पैसे देऊन एखाद्या वृत्तपत्राच्या पुरवणीत लेख छापून आणला तर संदर्भ म्हणून चालेल का. चालणार नाही, असे मी त्याला सांगितले, आणि ते पैसे बियाण्यांच्या पिशवीवरील संकेत वाचणाऱ्या यंत्रासाठी ठेवायला सुचवले.