दांडिया बाजारजवळील काचबिंदू विभाग : सल्ला उत्तम, पाठपुरावा कच्चा

बडोद्यात दांडिया बाजारजवळच्या एका खासगी नेत्ररुग्णालयात सासूबाईंच्या उजव्या डोळ्याची काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली. थेंब नियमित घालूनही डोळ्यातील दाब उतरत नव्हता आणि दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत नुकसान वाढलेले दिसत होते, तेव्हाच डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला. मोतीबिंदू काढल्यावर शेजारच्या काकूंना लख्ख दिसू लागल्यामुळे सासूबाईंनाही तीच आशा होती. परंतु गेलेली दृष्टी परत येणार नाही, उरलेली टिकवण्यासाठीच हा खटाटोप आहे, हे डॉक्टरांनी त्यांना समजावले आणि त्यांच्याच तोंडून वदवूनही घेतले.

पर्यायांची माहितीही मोकळेपणाने मिळाली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबरोबर बसवता येणारे सूक्ष्म स्टेंट, म्हणजे द्रवाला वाट देणाऱ्या अगदी बारीक नळ्या, सौम्य ते मध्यम आजारात उपयोगी पडतात. सासूबाईंचा आजार त्यापुढे गेलेला होता. अहमद वाल्व किंवा मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेले तुलनेने स्वस्त इम्प्लांट हे डोळ्यात नळी बसवून द्रव बाहेर काढण्याचे पर्याय होते. त्यांपैकी दुसऱ्यात नळीला बांधलेला धागा विरघळेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, दाब पुरेसा उतरत नाही. अखेरीस ट्रॅबेक्युलेक्टॉमी ठरली. नेत्रशल्यविशारद केर्न्स यांनी १९६८ साली मांडलेल्या या पद्धतीत डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडप करून आतील द्रवाला वाट काढून देतात, आणि व्रण धरून ती वाट बुजू नये म्हणून मायटोमायसिन हे औषध लावतात. आता सासूबाईंनी खाली पाहिले आणि वरची पापणी उचलली, की तेथे फिकट, फोडासारखा उंचवटा दिसतो. पाणी तिथेच झिरपते.

तक्रार आहे ती पुढच्या आठवड्यांबद्दल. या शस्त्रक्रियेचे निम्मे यश नंतरच्या तपासण्यांवर अवलंबून असते, कारण दाब पाहून झडपेचे टाके लेझरने एकेक करून तोडावे लागतात आणि स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करावे लागतात. असे असताना रुग्णाला चष्म्याचा नंबर काढायला आलेल्यांच्याच रांगेत ताटकळत ठेवणे आणि दर वेळी नवा डॉक्टर समोर येणे मुळीच पटले नाही. लेझरचा खर्चही अंदाजपत्रकात नव्हता. तो खिडकीवर कळला. वाकू नये, जड उचलू नये, डोळा चोळू नये या सूचनांचा कागद मात्र गुजरातीबरोबर मराठीतही मिळाला, हे खास बडोद्याचे!

दुसऱ्या डोळ्याची वेळ आली तर डॉक्टर हेच ठेवू. फक्त तपासण्यांच्या तारखा, तपासणारे डॉक्टर आणि लेझरचा खर्च आधी लेखी घेऊ.